दादाची गुणगुणती जीप

दादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी फाटक उघडायला बाहेर आले होते. कारण त्याच्या जीपचा आवाज मला ऐकू आला होता. धुळ्यात देवपुरातलं आमचं घर पांझरेच्या पुलापासून जवळ. पूल उतरताना त्यानं पाय सैल सोडला की गाडीच्या मागच्या अंगातून एक बारीक, लांबट ‘हूंऽऽ’ यायचं, कुणी तोंड मिटून भजन म्हणावं तसं. मी कणीक मळत असले तरी भरल्या हातानं फाटकाशी जायचे. त्या दुपारी तसंच झालं. फाटक उघडलं तर रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं, आणि आत मोबाईल वाजत होता. माझा भाचा नीलेश बोलत होता, जळगावहून. “आत्या, पप्पा…” एवढंच म्हणाला आणि रडायला लागला. दुकानात, बसल्या जागी, पाण्याचा ग्लास हातात असताना गेला. जीप तर तिकडे जळगावात, त्याच्या घरासमोर उभी होती. मी जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलं, भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्या पोरांना बाकावर उभं केलं. कुणाची तरी पिठाची गिरणी असेल, असं मी स्वतःला बजावलं. पण गिरणी काय मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकत होते?

ती जीप आमच्या वडिलांची. शेतावर नांगराच्या बैलासारखी वापरलेली. चिखलातून भरलेली ट्रॉली ओढायची, पण हायवेवर जरा वेग घेतला की इंजिन बोंबलायला लागायचं. दादाचं जळगावात ठिबकच्या नळ्यांचं दुकान, मी धुळ्यात दिलेली. दर भाऊबीजेला तो त्याच गाडीनं यायचा आणि पारोळ्यापर्यंत ट्रकवाल्यांच्या शिव्या खायचा. “तुझ्याकडे पोचेपर्यंत म्हातारा होतो मी,” म्हणायचा. माणूस भारी तापट. भाजीत मीठ जरा जास्त पडलं तरी गल्लीला ऐकू जाईल एवढा ओरडायचा, आणि दोन घास खाऊन विसरून जायचा. दुसरी गाडी घे म्हटलं की माझ्यावरही ओरडायचा. वडिलांची गाडी विकायची नाही आणि रखडायचंही नाही, असा त्याचा हट्ट. मग कुणीतरी त्याला सांगितलं, इंजिनाला हात लावू नका, मागचा गोळा बदला.

गोळा म्हणजे मागच्या दोन चाकांच्या मधोमध असतो तो. त्यात एक मोठं दातेरी चाक आणि त्याला फिरवणारा एक लहान दांडा, त्यालाही दात. मोठ्याला क्राऊन म्हणतात, लहानाला पिनियन. त्या दातांचं प्रमाण बदललं की इंजिन कमी फिरतं आणि गाडी जास्त पळते. ऐकायला सोपं आहे. पण ती दातांची जोडी आपल्याकडे मिळेना. मिळाली ती मुंबईहून, आणि तिच्यासोबत बेअरिंगं, सीलं, मजुरी असा सगळा लवाजमा. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला! नशिराबादला दादाचे एक मित्र होते, धान्याचे व्यापारी, आम्ही त्यांना शेटजी म्हणायचो. त्यांचीही तसलीच जीप. दोघांनी मिळून दोन जोड्या मागवल्या, तेव्हा कुठे दुकानदार जरा नरमला. तरी वहिनीच्या पाटल्या त्या वर्षी राहिल्याच.

माल आला तो नेमका खंडेनवमीच्या आदल्या दिवशी. आमच्याकडे त्या दिवशी विळी, कोयता, दुकानातले पाने, सगळं लोखंड पाटावर मांडून पुजतात. वहिनीनं पहाटे दोन्ही खोकी उघडली. ग्रीसनं बरबटलेले ते तुकडे सोडा लावून पुसले, दोन मोठे आणि दोन लहान ओळीनं मांडले, हळदकुंकू वाहिलं, झेंडूची फुलं ठेवली. एवढ्या पैशाची वस्तू घरात आली, तिची पूजा नको? दुसऱ्या दिवशी सगळं पुन्हा खोक्यांत भरलं, एकात एक मोठा आणि एक लहान. तिच्या हिशेबानं अगदी बरोबर भरलं.

आता या वस्तूची गंमत अशी की कारखान्यातच प्रत्येक मोठ्याला त्याचा लहान घासून घासून बसवलेला असतो. दोघांवर एकच आकडा कोरतात. त्याचा हा आणि याचा तो, अशी अदलाबदल चालतच नाही. सलीम मिस्त्रीनं आकडे न बघता गोळा बसवला आणि पहिल्याच फेरीत गाडी गुणगुणायला लागली. मिस्त्रीनं पुन्हा खोलला, दातांना शेंदूर लावून दात कुठे टेकतात ते पाहिलं, पातळ पत्रे घातले, काढले, परत घातले. पुन्हा तेच. शेवटी दमून म्हणाला, “दादा, गाडी पळते ना? मग गाऊ द्या तिला!” तोवर शेटजींची जीपही गायला लागली होती. तेव्हा दादानं आणि मिस्त्रीनं गोळ्यात पुन्हा वाकून पाहिलं आणि आकडे दिसले, मोठ्यावर एक आणि लहानावर दुसराच.

हे दादानं मला त्या भाऊबीजेला सांगितलं, ओवाळून झाल्यावर, ओट्यावर बसून. मी म्हटलं, “अरे मग दोन्ही गाड्या खोला आणि बदला की!” तर म्हणाला, “गावभर होईल. का खोलली, कुणामुळे खोलली… देवाचं म्हणून केलंय तुझ्या वहिनीनं. जन्मभर मनाला लावून घेईल. तिला यातलं अक्षर कळता कामा नये, काय?” मी मान हलवली. पुढे शेटजींनी गाडी विकली, कुणाला ते त्यांनाही आठवत नाही, आणि बदलायचा प्रश्नच मिटला. दादा त्या हुंकारासकट येत राहिला. मलाही मग त्याची इतकी सवय झाली की तो आवाज नसता तर मी ओवाळणीचं ताट वेळेवर लावलंच नसतं.

दहाव्याला गिरणाकाठी पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. बाभळीवर बसून होता, पण खाली येईना. नीलेश हात जोडून म्हणाला, “पप्पा, आईला मी सांभाळीन.” कावळा हलला नाही. आमचे चुलते, आबा, खेड्यातलेच, ते रडत पुढे झाले आणि सगळं होईल म्हणून विनवू लागले. “भाऊ, काय इच्छा ऱ्हायनी रे तुनी? बठ्ठं व्हई जाई, तू काळजी करू नको.” तरी नाही. उन्हानं डोकी तापली. मग बायकांतून वहिनी उठली आणि थेट पिंडासमोर येऊन म्हणाली, “अहो, गाडीचा आवाज राहिला ना? मी नवा गोळा बसवून घेते. बंद करते तो आवाज.” गोळा उघडला की आकडे दिसणार, आणि दादानं आयुष्यभर झाकलेलं हिला कळणार. मी मनातल्या मनात म्हटलं, दादा, मी तिला कळू देणार नाही, तू जा आता… आणि कावळा आला. लोक म्हणाले, बघा, गाडीतच जीव अडकला होता त्याचा.

वहिनी मग हट्टच धरून बसली. पिंडासमोर दिलेला शब्द! नीलेशनं समजावलं की आता तर ही जोडी जास्तच महाग झालीय, मिळतही नाही. मी फोनवर म्हटलं, “अगं, राहू दे तो आवाज. तोच तर आता उरलाय त्याचा.” ती म्हणाली, “तुमचा असेल, ताई. माझा जीव खातो तो.” तिनं पाटल्यांसाठी साठवलेलं सगळं त्यात घातलं. मी गुपचूप सलीम मिस्त्रीला फोन केला की आकड्यांचं काही बोलू नका. तो म्हणाला, “ताई, दादांनी कधीचीच शपथ घातलीय मला.”

आणि मागच्या आठवड्यात दारावरची बेल वाजली. उघडलं तर वहिनी आणि नीलेश, मागे जीप उभी. मला काहीच ऐकू आलं नव्हतं. मांजर यावं तशी आली होती ती गाडी… मला रडूच फुटलं. नीलेश बाजारात गेल्यावर वहिनीनं पिशवीतून दादाच्या उपरण्यात बांधलेले दोन जड तुकडे काढून माझ्या ओट्यावर ठेवले. जुनी जोडी. मिस्त्री भंगारात टाकत होता, हिनं मागून घेतली. रॉकेलनं धुऊन लख्ख केली होती. तिनं मोठ्यावर बोट ठेवलं, मग लहानावर.

“नव्या जोडीवर दोन्हीकडे एकच आकडा होता, मी पाहिला. या जुन्यावर वेगवेगळे कसे हो, ताई?”

“जुन्या मालावर तसंच असायचं,” मी म्हटलं.

ती हसली. दादा गेल्यापासून पहिल्यांदा. “शाळेत कशा शिकवत होतात तुम्ही? साधं खोटं बोलता येत नाही!” आणि मग उपरण्याची घडी घालत म्हणाली, “मीठ जास्त पडलं तर ओरडणारा माणूस. एवढा पैसा ओतलेली गाडी केकाटायला लागली, आणि मला एका शब्दानं बोलले नाहीत. तेव्हाच समजले मी, की हे माझ्याच हातचं आहे. कसं ते आत्ता कळलं.”

“मग इतकी वर्षं बोलली का नाहीस गं?”

“ते लपवत होते ना… इतकं जिवापाड लपवत होते. त्यांचं ते कशाला मोडायचं?”

मी तिला कावळ्याच्या वेळचं माझं बोलणं सांगितलं. तो कुणाच्या शब्दावर खाली आला, ते आम्ही दोघींनी एकमेकींना विचारलं नाही. ती निघताना मीच म्हटलं, दादावर पेपरात लिही म्हणून ओळखीचे मागे लागलेत, पण हे सोडून काय लिहू? म्हणाली, “हेच लिहा. आता लपवायला ते कुठे आहेत?”

मोठं चाक तिनं देव्हाऱ्याशी ठेवायला नेलं आणि लहान माझ्याकडे ठेवलं. जड आहे. वाऱ्यानं दार आपटतं, म्हणून दुपारी मी ते दाराला लावून ठेवते. परवा मेथी निवडत बसले होते आणि पुलाकडून तोच आवाज आला. जीप जळगावात, आवाज करणारं लोखंड माझ्या दाराशी. शेटजींची विकलेली गाडी फिरत असेल धुळ्यात कुठे तरी, तिच्या पोटात ह्या दोन तुकड्यांचे खरे जोडीदार आहेत. असेल तसंच. आवाज पूल उतरला, हळू झाला, आमच्या गल्लीशी आला.

मी उठले नाही. दार उघडंच होतं.