विड्यांच्या सुपातली सूनबाई

तेंदूपत्ता ओला करून ठेवला की पानाला पान चिकटतं. आमच्या ओसरीवरचे किस्से तसेच. एक उचलायला जावं, तर चार निघतात!

दुपारी आम्ही तिघी मांडीवर सूप घेऊन विड्या वळतो. मी, शेजारची दुर्गा अन् सुमनकाकू. ग्रामपंचायतीचं कपाट रिकामं करताना शंभर वर्षांपूर्वीच्या कादंबऱ्या निघाल्या. जाळायला चालल्या होत्या, मी मागून आणल्या. माझी सातवी झालेली, म्हणून वाचणारी मीच. माझ्या वाटणीच्या विड्या त्या दोघी वळतात.

वाचताना हाताला तंबाखू नसते, म्हणून तेवढा वेळ माझ्या छकुलीला मांडीवर घेता येतं. तीन वर्षांची होत आली, अजून एक शब्द नाही. डॉक्टर म्हणाले, "कान चांगले आहेत. बोलत राहा तिच्याशी." दिवसभर काय बोलू? म्हणून वाचते. पान उलटायला थांबले की दोघी विचारतात, "मंग?"

*

पुस्तकातली सूनबाई नवऱ्याला 'प्राणनाथ' म्हणते. दुर्गाचा नवरा नागपूरला कामावर. तिनं फोन लावला, लाडानं म्हणाली, "प्राणनाथ, जेवलात का?"

"राँग नंबर है, बाई!" अन् नवऱ्यानं फोन ठेवला!

*

दुसऱ्या कादंबरीत अर्धं पुस्तक संपलं तरी नायकाचा हात नायिकेला लागेना. शेवटी फूल देताना बोट लागलं अन् ती मूर्च्छा येऊन पडली.

काकू म्हणाली, "अशक्त असन. अंगणवाडीतून लोहाच्या गोळ्या द्या तिले."

*

एक सासू सुनेला उपाशी ठेवायची. ते ऐकून काकूनं घरी जाऊन आपल्या सुनेला आधी वाढलं. सून घाबरली! "आई, बरं वाटून नाही राहिलं का तुमाले?"

दुसऱ्या दिवशी काकू तणतणतच आली. "पुस्तकातली सासू सुधरली का, ते सांग आधी. मी एकटीच काऊन सुधरू?"

*

त्याच पुस्तकात त्या सुनेचं लेकरू तापानं फणफणतं. दवाखाना दूर, नवरा परगावी. वाचता वाचता माझा हात छकुलीच्या कपाळावर जातो. काळ बदलला म्हणतात. आईची काळजी कुठं बदलली?

*

परवा तीच सूनबाई आजारी लेकराला घेऊन नदीवर आली. पूर चढलेला, नावाडी नाही म्हणतो. मला पुढं वाचवेना. पुस्तक मिटलं.

दोघींच्या दातांत विडी बांधायचा धागा.

मांडीवरून आवाज आला, "मंग?"

दुर्गाच्या हातातली विडी उकलली. मी छकुलीकडं बघत राहिले. ती पुस्तकाकडं बघत होती.

"मंग?"

काकूनं दातातला धागा काढला, पदरानं डोळे पुसले अन् माझ्यावरच खेकसली, "वाच ना वं! पोट्टी विचारून राहिली!"