खुला प्रश्न, बंद प्रश्न आणि आमच्या वन्सं

आमच्या वन्संच्या प्रश्नांपुढे टिकलेला माणूस अख्ख्या कसबा पेठेत सापडायचा नाही. वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. शाळेतून निवृत्त झाल्या, आता जरा शांत बसतील असं वाटलं, तर शहरात कॉल सेंटरं निघाली आणि त्यांच्यासाठी मुलं तयार करणारे क्लासही. वारज्यातल्या अशाच एका क्लासात वन्सं प्रश्न विचारायला शिकवू लागल्या. ‘हो’ किंवा ‘नाही’त संपतो तो बंद प्रश्न, समोरच्याला बोलतं करतो तो खुला. इथवर ठीक होतं. पण हे व्रत त्या घरीदारी पाळू लागल्या. मेथी ताजी आहे का, हा बंद प्रश्न, म्हणून भाजीवालीला म्हणाल्या, “आजच्या मेथीबद्दल काय सांगशील?” ती म्हणाली, “घ्यायची तर घ्या आज्जी, मागं रांग आहे.” कंडक्टरला विचारलं, “ही बस कुठून कशी जाते?” तो म्हणाला, “पाटी वाचा.”

मला रोज संध्याकाळी ठरलेला प्रश्न असे, “आजचा दिवस कसा गेला?” मी म्हणे, “गेला.” दिवसभर नोकरी, घरी अंथरुणाला खिळलेल्या सासूबाई, आणि कारखाना बंद पडल्यापासून खिडकीशी बसून राहिलेले हे. खुल्या प्रश्नाला उत्तर द्यायचं तर अंगात त्राण लागतं.

एका रविवारी वन्सं एका विद्यार्थिनीला घेऊन आल्या. यवतमाळकडची पोर, दोन मुलाखतींत नापास झालेली. तिसरी सोमवारी होती; तीही गेली तर वडील गावी परत नेणार होते. “तू गिऱ्हाईक हो. तुझा कॉम्प्युटर बिघडलाय,” वन्संनी मला फर्मावलं. मी कणकेच्या हातांनीच स्टुलावर बसले. पोरीने बंद पडलेला फोन कानाला लावला.

“कॉम्प्युटर चालू आहे का?”

“नाही.”

“वायर लावली का?”

“हो.”

“अगं, मदत करतेस की उलटतपासणी घेतेस?” वन्संनी कपाळाला हात लावला.

पोर रडवेली झाली. हातातला कागद बाजूला ठेवून म्हणाली, “काय झालं जी तुमाले? सांगा ना.”

पडदा काळा झालाय, असं मी म्हणायचं होतं. तोंडून निघालं, “मी दमलेय गं.” आणि मग थांबताच येईना. सासूबाईंची रात्रीची जागरणं, ऑफिसातली बोलणी, ह्यांचं न बोलणं, सगळं बाहेर आलं. खिडकीशी बसलेले हे माझ्याकडे वळून बघत राहिले. पोर हाताच्या अंतरावर होती, तरी तिने फोन कानावरून काढला नाही. आणि वन्संनी, जन्मात पहिल्यांदाच, काही विचारलं नाही.

माझं संपलं तेव्हा हातावरची कणीक वाळली होती. वन्सं उठल्या, पोळपाट पुढे ओढला. “आईचं रात्रीचं आजपासून मी बघेन,” त्या म्हणाल्या, आणि भावाला, “दळण, भाजी तुझ्याकडे.” हे “बरं” म्हणाले. मग पोरीकडे वळून, “उद्या अस्संच विचार. फक्त इंग्रजीत.”

तिला नोकरी लागली. पेढे घेऊन आली होती.

पुढे वन्संचा क्लास सुटला. आता कानांनी फारसं ऐकू येत नाही, बोलणंही कमी झालंय. संध्याकाळी मी त्यांच्याशेजारी बसते आणि कोणी न विचारता दिवसभराचं सांगत सुटते. त्यांच्यापर्यंत किती पोचतं, कोण जाणे. पण मी थांबले की त्या हळूच हात हलवतात, पुढे सांग म्हणून.