टाचेवरचा फेस

"जखमेच्या कडा पांढऱ्याफटक पडल्यात, ताई. काय ओततेस रोज?"

"फेस येतो ते औषध. चांगला खळखळून येईपर्यंत."

"मी सलाईन दिलं होतं ना, मिठाच्या पाण्याचं? त्यानंच धुवायला सांगितलं होतं."

"त्या पाण्यानं कधी डाग निघालाय का?"

थोरलीच्या लाँड्रीच्या मागच्या खोलीत तिचा नवरा खुर्चीत, पाय स्टुलावर. धाकटी, दवाखान्यात ड्रेसिंग करणारी नर्स, खाली बसून पट्टी सोडत होती. शुगरमुळे टाचेची जखम भरत नव्हती. सोमवारी सर्जन बघणार होते. जखम भरायला लागलेली दिसली तर ठीक, नाहीतर पाऊल काढायचं.

थोरली माणसाच्या तोंडाआधी कॉलर बघते. नवऱ्याची ओळखही तशीच झाली. ग्रीसनं माखलेली पँट घेऊन तो आला, तिनं चारचौघांत त्याची खरडपट्टी काढली, आणि पुढच्या आठवड्यात तो दुसरी माखून हजर. खाटकाचा ॲप्रन असो की पोरांचे शाईचे शर्ट, तिनं कधी हात टेकले नाहीत. आई गेल्यावर धाकटीलाही तिनंच वाढवलं, घासून घासून. धाकटीची कोपरं अजून तिला बिचकून असतात.

"तो पिवळा थर बघवत नाही मला. घाण आहे ती."

"मेलेल्या पेशी आहेत. अंगात त्या रोजच मरतात, ढिगानं. मरता मरता खूण करतात, आणि सफाईच्या पेशी येऊन त्या फुटायच्या आत त्यांना गिळतात. गिळून झालं की त्याच सांगतात, सूज पुरे, आता भरायला घ्या. भाऊजींच्या शुगरनं त्या आधीच सुस्तावल्यात."

"मग मी मदतच करतेय की त्यांना."

"मारतेयस तू त्यांना. तुझ्या फेसाला मेलेलं काय आणि जिवंत काय? उचलणारं कोणी उरलं नाही की मेलेल्या पेशी जागीच फुटतात, शेजारच्यांना भाजतात. मग आणखी पिवळं. मग तू आणखी ओततेस."

"भांडा," भाऊजी म्हणाले. "फक्त पाय माझाय, एवढं असू दे ध्यानात."

"तुम्हाला कोणी विचारलं?" थोरली नवऱ्यावर घसरली, मग बहिणीकडे वळली. "चार बुकं शिकलीस म्हणून मला धुवायला शिकवतेस? तुझ्या युनिफॉर्मला नीळ कोण घालत होतं गं?"

"तूच. आणि तेच उपकार आता भाऊजींच्या पायावर चाललेत. सर्जनना काय सांगू मी? बाईला पिवळं आवडत नव्हतं, म्हणून नवऱ्याचं पाऊल घालवलं?"

थोरलीनं खाली पडलेली मळकी पट्टी उचलली आणि सवयीनं तिची नीट घडी घालायला लागली.

"ती टाकायची असते," धाकटी म्हणाली.

थोरलीचे हात थांबले. पट्टी तशीच धरून ती उभी राहिली. मग आवाज खाली आणून म्हणाली, "आजपासून थेंब नाही घालत. तू सांगशील तसंच धुवेन. सोमवारपर्यंत भरायला लागेल ना? वाचेल ना पाय?"

धाकटीनं नवी पट्टी बांधून संपवली. हातमोजे उलटे करून काढले, पिशवीत कोंबले. आता भाऊजीही तिच्याच तोंडाकडे बघत होते. तिनं चपला घातल्या, टांगलेल्या शर्टांच्या रांगेतून वाट काढली आणि रस्त्यावर निघून गेली.