एलियटच्या नावाने आलेले मेसेज

केरेन चेऊलकर साठीची झाली, शाळेतून रिटायर झाली आणि एका शुक्रवारी जेवताना नवऱ्याला म्हणाली, "अहो, मी थायलंडला जाणार आहे. इंग्लिश शिकवायला."

अब्राहमचा घास हातातच राहिला. "एकटी?"

"एकटी."

उभं आयुष्य तिने लंडनमधल्या इलफर्डच्या एका शाळेत टीचिंग असिस्टंट म्हणून काढलं होतं. म्हणजे मुलांची नाकं पुसायची, पेन्सिलींना टोकं काढायची आणि दुसऱ्याला शिकवताना बघत बसायचं. फळ्यासमोर उभं राहण्याची हौस तशीच राहून गेली होती. तिसऱ्या दिवशी अब्राहम तिच्यासाठी मच्छरदाणी घेऊन आला.

दक्षिण थायलंडमधलं ते कोळ्यांचं गाव तिला पहिल्याच दिवशी ओळखीचं वाटलं. तोच सुकटीचा वास, तीच वाळत टाकलेली जाळी. आईवडील अलिबागेकडचे, लहानपणी पाहिलेला किनारा असा परक्या देशात भेटला. पगार नव्हता, राहायला शाळेमागची खोली होती. कोळीणी तिला खेकडे आणून द्यायच्या आणि तिच्या ज्यू धर्मात ते चालत नाहीत म्हटल्यावर खो खो हसायच्या.

वर्गात प्लॉय नावाची मुलगी होती. बारावीच्या वयाची, आईबरोबर पहाटे खेकडे सोलून मग शाळेत येणारी. हुशार म्हणजे किती! केरेन मुंबईच्या शाळेतलं इंग्लिश बोलायची, "आय ॲम हॅविंग अ डाउट". या देशी वाक्यावरून तिची लेक सोफी लंडनमध्ये तिला कायम चिडवायची. प्लॉयने मात्र तेच उचललं. शंका असो नसो, हात वर करून म्हणायची, "टीचर, आय ॲम हॅविंग अ डाउट!" आणि सगळा वर्ग हसायचा.

गावातून निघताना केरेनने तिला आपला नंबर लिहून दिला आणि तिचे गाल धरले. "इंग्लिश सोडू नकोस. याच्या जोरावर तू कुठल्या कुठे जाशील."

पुढच्या वर्षी प्लॉयच्या आईचा व्हिडिओ कॉल आला. तिला इंग्लिश येत नव्हतं, शेजारीण भाषांतर करत होती. इंग्लिश चांगलं म्हणून प्लॉयला उत्तरेकडे एका हॉटेलात नोकरी लागली होती. आई हात जोडून जोडून आभार मानत होती. केरेनने त्या दिवशी सणासारखा घरात चिकाचा हलवा केला.

महिनाभराने पुन्हा फोन आला. प्लॉयचा फोन बंद होता. त्या नावाचं हॉटेलच नव्हतं.

केरेनने वकिलातीला लिहिलं, खासदाराला लिहिलं, दिसेल त्या संस्थेला लिहिलं. सगळ्यांची उत्तरं नम्र होती. अशात एका दुपारी अनोळखी नंबरवरून मेसेज आला. कोणी एलियट म्हणून इंजिनिअर, बायको वारलेली, चुकून तुमचा नंबर लागला, लंडनचं हवामान कसं आहे? असले फसवे मेसेज तिला नवे नव्हते. ती ब्लॉक करणार, इतक्यात खाली दुसरी ओळ उमटली. "आय ॲम हॅविंग अ डाउट. तुम्ही टीचर आहात का?"

केरेनने ती ओळ पुन्हा वाचली.

"अहो," तिने हाक मारली, "अहो, ही प्लॉय आहे."

सोफी ऑफिसातून धावत आली. तिनेच उलगडून सांगितलं. थायलंडच्या सीमेपलीकडे मोठमोठी आवारं आहेत, तिथे माणसांना कोंडून त्यांच्याकडून असली फसवणूक करून घेतात. मागे राखणदार उभे असतात. इंग्लिश येणारी पोरं त्यांना हवीच असतात.

"इंग्लिश येणारी," केरेन पुटपुटली.

"मम्मी, तू असं विचार करू नको. तुझा चूक नाही." सोफीचं मराठी नेहमीच असं अडखळायचं. त्या दिवशी कोणी हसलं नाही.

मग केरेन रोज एलियटशी बोलू लागली. प्लॉयच्या मागे कोण उभं आहे ते कळत नव्हतं, म्हणून एकटेपणाला कंटाळलेल्या म्हातारीचं सोंग घेऊन तिला लिहावं लागे. जेवलास का? झोप लागते का? खिडकीतून काय दिसतं? "नदी दिसते," उत्तर आलं. "पलीकडे पिवळी इमारत, छपरावर ड्रॅगन." केरेनने ते अशा लोकांना सोडवणाऱ्या एका संस्थेला कळवलं. त्यांनी आभार मानले. तशा इमारती पुष्कळ आहेत, म्हणाले.

आणि मग एलियटने पैसे मागितले. धंद्यात गुंतवायला.

"पाठवते," केरेन म्हणाली. "नाही पाठवले तर तिला मारतील."

"पाठवलं तर ते तिला कधीच सोडणार नाही," सोफी म्हणाली. "त्यांना वाटेल, ही पोरगी कामाचा आहे."

पोलिसांकडची बाई फोनवर तेच म्हणाली. पैसे देऊ नका, नंबर ब्लॉक करा. केरेनने अब्राहमला दंडाला धरून हलवलं. "अहो, तुम्ही तरी सांगा ना! काय करू मी?"

"मला नाही ठाऊक गं," तो म्हणाला. "मला खरंच नाही ठाऊक."

तिने पैसे पाठवले नाहीत, ब्लॉकही केलं नाही. बँकेत गडबड आहे, मुलगी चौकशी करते, उद्या बघते. असं लिहून ती नुसती दिवस ढकलत राहिली. मेसेज आला की जीव भांड्यात पडायचा आणि पुढच्या क्षणी पुन्हा टांगणीला लागायचा. तिचं जेवण सुटलं. सिनेगॉगमध्ये प्रार्थना चालू असताना ती फोन मांडीवर उपडा ठेवून बसायची.

एके दिवशी एलियटचं इंग्लिश बदललं. सफाईदार, एकही चूक नाही. केरेनने लिहिलं, "आर यू हॅविंग अ डाउट?" उत्तर आलं, "अजिबात नाही, डार्लिंग. ही गुंतवणूक शंभर टक्के सुरक्षित आहे."

फोनच्या पलीकडे आता प्लॉय नव्हती. केरेन स्वयंपाकघरात खाली बसली ती अब्राहमने उठवेपर्यंत तशीच. सोफीने त्या दिवशी नंबर ब्लॉक केला. केरेनने अडवलं नाही.

हिवाळा तसाच गेला. पेसाहच्या सणासाठी घर झाडायला काढलं होतं तेव्हा प्लॉयच्या आईचा कॉल आला. सीमेपलीकडच्या सैन्याने एका आवारावर धाड घातली होती. सुटलेल्या माणसांत प्लॉय होती. घरी आली होती.

केरेन रडत होती, हसत होती, अब्राहमला हाका मारत होती. पडद्यावर प्लॉय आली. केस कापलेले, एक डोळा नीट उघडत नव्हता. केरेनने तिचं नाव घेतलं. प्लॉय सावकाश, स्वच्छ इंग्लिशमध्ये म्हणाली, "टीचर, मी रोज त्यांना सांगायची, ती पाठवेल. माझी टीचर आहे, नक्की पाठवेल."

सोफीचं म्हणणं, पोलिसांचा सल्ला, सगळं केरेनच्या ओठांपर्यंत आलं. त्यातलं एकही वाक्य त्या मुलीपुढे उच्चारण्यासारखं नव्हतं. "प्लॉय, बाळा," एवढंच ती मराठीत म्हणाली. प्लॉय उठून गेली होती.

मी येते, केरेनने शेजारणीकडून निरोप दिला. आईने नकारार्थी मान हलवली. आता नको.

प्लॉयची आई आता दर शुक्रवारी फोन लावते. शब्बाथचे दिवे लावायच्या आधी केरेन टेबलाशी येऊन बसते. शेजारीण नसते. दोघींना एकमेकींची भाषा येत नाही. आई फोन भिंतीला टेकवून खेकडे सोलते, केरेन तिच्या हातांकडे आणि तिच्या मागच्या बंद दाराकडे बघत राहते. आतून कधी खोकल्याचा आवाज येतो, तेव्हा दोघी मान वर करतात.