पडदेवाला आणि माझे गुडघे

आमच्या कारखान्यात त्याला सगळे पडदेवाला म्हणतात. पडद्यावर चित्रं दाखवून साहेबलोकांच्या गळी काहीही उतरवायचं, हे त्याचं काम. मेला आधी दारोदार पंप विकायचा, तिथेच ही जीभ तयार झाली. आकडे दाखवले की लोक जांभया देतात, एक चेहरा दाखवा, असं तो नव्या साहेबांना शिकवतो. कुठे थांबायचं, कुठे आवाज खाली आणायचा, कुठे पाण्याचा घोट घ्यायचा, सगळं कागदावर लाल पेनाने लिहिलेलं असतं. मी स्वतः पाहिलंय.

मागच्या महिन्यात तीन दिवस तो आमच्या खात्यात येऊन बसला. आम्ही अकरा बायका औषधाच्या बाटल्या खोक्यांत भरतो, आठ तास उभ्याने. "ताई, त्रास काय होतो ते मोकळेपणाने सांगा," म्हणाला. मीही मूर्ख! बावीस वर्षांत कुणी विचारलं नव्हतं. गुडघे कसे सुजतात, घरी गेल्यावर जिना कसा बसत बसत चढते, सगळं भडाभडा सांगून टाकलं. बसायला स्टुलं द्या, एवढंच मागितलं. त्याने मान डोलावली आणि माझा फोटो काढला.

सोमवारी सगळ्यांना सभागृहात बोलावलं. पडद्यावर मी, भिंतीएवढी! "ही ताई रोज बसत बसत जिना चढते," एवढं बोलून तो थांबला, पाणी प्यायला. मालकांनी चष्मा काढून डोळे पुसले. मग पुढचं चित्र आलं. चकचकीत यंत्र, आणि शेजारी बटण दाबायला एकच माणूस. "आता आपल्या ताईंना विश्रांती देऊ या."

माझं डोकंच फिरलं. उठून ओरडले, "अहो, मी स्टूल मागितलं होतं! तुम्ही आमचं खातंच बंद करायला निघालात?"

दुसरा कुणी गडबडला असता. हा कसला गडबडतोय! हात जोडून म्हणाला, "ऐकलंत, साहेब? साधं स्टूल नाही मिळालं. आता तरी यांना उभं ठेवायला नको." झालं! मालकांनी तिथल्या तिथे यंत्राला होकार दिला आणि सभागृहात टाळ्या सुरू झाल्या.

सगळ्यांत जोरात माझ्या शेजारून. माझी धाकटी जाऊ माझ्याच टेबलावर काम करते, आमच्या घरातले दोन्ही पगार त्याच टेबलावरचे. ती नाक ओढत टाळ्या पिटत होती. मी तिला कोपराने ढोसलं.

"अगं बये, कशाला वाजवतेस?"

"किती मनापासून बोलले हो, जाऊबाई! मला तर भरूनच आलं."

"आपलं काम गेलं, कळतंय का? माझं गेलं, तुझं गेलं, सगळ्याजणींचं गेलं."

तिचे हात थांबले. आधी पडद्याकडे पाहिलं तिने, मग माझ्याकडे.

"माझं कसं जाईल? माझे गुडघे तर चांगले आहेत!"