खोडाखोडीचा शुक्रवार

तिसऱ्या मजल्यावरच्या त्या तीन खोल्यांत सहा मुलं राहतात आणि त्यांतलं एकही शाळेत जात नाही. इमारतीतले लोक त्यांच्या आईला हेडबाई म्हणतात. सुरुवातीला तो टोमणा होता. आता कोपऱ्यावरचा दुकानदारसुद्धा बटाट्याचं पोतं वर पाठवताना पावतीवर तेच नाव लिहितो.

हेडबाई एक्केचाळीस वर्षांच्या आहेत. नवरा लिफ्ट दुरुस्त करतो. पगार एक, खाणारी तोंडं आठ. मुलांना घरी शिकवायला त्यांनी कुठल्या मोठ्या विचारानं घेतलं नाही, दम्यामुळे घेतलं. थोरलीला पहिलीत दम्यानं इतकं धरलं की शाळा बुडाली. आईनं घरीच शिकवलं आणि वर्षअखेरीला मुलगी वर्गाच्या पुढे निघाली. मग पाठचा भाऊही घरीच राहिला आणि पुढे तोच शिरस्ता पडला. "विचार करायला वेळ मिळाला असता तर शाळेतच घातलं असतं," असं हेडबाई सांगतात. ऐकणारा हसतो, त्या हसत नाहीत.

घरातलं टेबल म्हणजे कुठल्याशा पाडलेल्या घराचा दरवाजा, सुताराच्या दोन लाकडी घोड्यांवर आडवा ठेवलेला. कडीच्या भोकातून सहा वर्षांची चिंगी दिवसभर मणी खाली टाकते आणि वाकून गोळा करते. सकाळी सातला याच दरवाज्यावर अंडी आणि पाव, आठला शुद्धलेखन. दहाला एकीकडे बटाटे सोलणं, दुसरीकडे पाढे. एक पाढा चुकला की एक बटाटा जास्त. अकराला पहिल्या मशीनचे कपडे वाळत घालायचे, तेवढ्या वेळात थोरली धाकट्यांना वाचून दाखवते. वाचनालयाची पाच कार्डं आहेत, प्रत्येकी सहा पुस्तकं. ती परत करायचा दिवस चुकला तर दंड होतो, म्हणून ती तारीख फ्रीजवर लाल अक्षरांत असते. डॉक्टरची तारीखही इतकी ठळक नसते.

सगळ्या काटकसरीचा कणा म्हणजे स्वाध्याय पुस्तिका. दहा वर्षांपूर्वी थोरलीसाठी त्यांचा पहिला संच घेतला तेव्हाच हेडबाईंनी नियम केला: मऊ पेन्सिल आणि हलका हात. वर्ष संपलं की तपासायचं, मार्क रजिस्टरमध्ये उतरवायचे आणि पुस्तिका खोडून पुढच्याला द्यायची. वर्षाच्या शेवटच्या शुक्रवारी सगळे दरवाज्याभोवती बसतात आणि खोडत सुटतात. भुगा ब्रशनं झाडून डब्यात भरतात. या कामात अकरा वर्षांच्या तिसऱ्या नंबरच्या लेकीचा हात धरणारं कोणी नाही. ती खोडलेलं पान खिडकीशी नेऊन तिरपं धरते आणि रेघ दिसली तर पुन्हा खोडते. घरात तिचं नावच खोडरबर पडलं आहे. तिच्या पाठचा आठ वर्षांचा भाऊ मात्र पेन्सिल नांगरासारखी चालवतो. तो रणगाडा. त्याची पुस्तिका कितीही खोडली तरी पुढच्याच्या कामाची राहत नाही. त्यावरून त्याला रोज बोलणी बसतात.

यंदा शुक्रवारी खोडाखोड झाली आणि मंगळवारी पत्र आलं.

घरी शिकवायची परवानगी शिक्षण कार्यालय दरवर्षी नव्यानं देतं. आजवर एक म्हातारे साहेब यायचे, मुलांना चार प्रश्न विचारायचे, चहा प्यायचे आणि सही करायचे. ते निवृत्त झाले होते. नव्या अधिकारी बाईंनी लिहिलं होतं: प्रत्येक मुलाचं वर्षभराचं लेखी काम तपासणीला हजर ठेवावं. परवानगी घराला मिळते, एकेका मुलाला नाही. एकाचं जरी अडलं तरी चौघांना नव्या सत्रात शाळेत घालावं लागणार होतं. थोरली आता सोळाची, धाकटा चारचा. शाळेच्या सक्तीच्या वयाचा नियम त्या दोघांना लागू नव्हता.

"लेखी काम दाखवा म्हणताहेत," हेडबाईंनी नवऱ्याला सांगितलं.

तो बूट काढत होता. "मग दाखव की."

"शुक्रवारी खोडलं."

त्यानं दुसरा बूट तसाच पायात ठेवला. "सगळं?"

"रणगाड्याचं निघत नाही. बाकी सगळं."

अधिकारी बाई सांगितलेल्या वेळेला आल्या. चहा नको म्हणाल्या. पाचवीच्या गणिताची पुस्तिका त्यांनी उघडली, चार पानं उलटली.

"ही कोरी आहे."

"कोरी नाही, खोडलेली आहे."

बाईंनी चष्मा वर केला. वह्या हरवलेली, भिजलेली, मामाकडे राहिलेली घरं त्यांनी पाहिली असणार. स्वतःच्या हातानं खोडलेल्या वह्या नीट रचून पुढे करणारं घर बहुधा पहिलंच. हेडबाईंनी रजिस्टर पुढे सरकवलं.

"म्हणजे शिकवलं तुम्ही, परीक्षा तुम्ही घेतली, मार्क तुम्ही दिले आणि पेपरही तुम्हीच पुसले," बाई म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. "मी सही कशावर करू?"

कुकरची शिट्टी झाली तरी हेडबाई उठल्या नाहीत. थोरलीनं आत जाऊन गॅस बंद केला.

शेवटी बाईंनी रणगाड्याची पुस्तिका खिडकीकडे तिरपी धरली. पानावर खोल चर उमटले होते. "सात आठे छप्पन्न. बरोबर. नऊ सात चौसष्ट?"

"ते नंतर सुधारलं होतं," रणगाडा म्हणाला. "खालचा चर बघा."

बाईंनी खालचा चर बघितला आणि त्याच्या नावापुढे खूण केली. चिंगीनं वाचून दाखवलं, शंभरपर्यंत मोजलं. तिच्यापुढेही खूण झाली. उरले चौदाचा दादा आणि खोडरबर. दोघांनी पुढच्या शनिवारी कार्यालयात लेखी परीक्षा द्यायची.

"पेननं," जाता जाता बाई म्हणाल्या. "पेन्सिलचा पेपर धरत नाहीत."

दार लागल्यावर दादा म्हणाला, "रणगाड्या, तुझा पुतळा उभारू या." रणगाडा दोन दिवस छाती काढून हिंडला. त्याला हात हलका ठेव म्हणायला कोणी धजावलं नाही.

बाई येऊन गेल्याच्या दुसऱ्या दिवशी लिफ्टवाल्या नवऱ्यानं कामावरून चार पेनं आणि लिफ्ट-तपासणीच्या जुन्या फॉर्मांचा गठ्ठा आणला. पाठकोरे कागद, शंभरेक असतील. दादाचा हात दोन दिवसांत बसला. खोडरबरचा बसेना. ती गणित मनात सोडवायची, पुन्हा सोडवायची, तिसऱ्यांदा पडताळायची आणि मग पेन इतकं अलगद टेकवायची की शाई मध्येच तुटायची. तासाभरात तीन गणितं. पेपरात वीस असणार होती.

"अगं, लिही ना!" हेडबाई म्हणाल्या.

"चुकलं तर?"

"रेघ मारायची आणि पुढे लिहायचं."

"आणि पान?"

पान वाया घालवू नका, हे वाक्य त्या घरात गेली दहा वर्षं दिवसातून वीसदा म्हटलं जात होतं, आणि म्हणणाऱ्या हेडबाईच होत्या. त्यांनी कपाटातून पुढच्या वर्षासाठी ठेवलेली नवी वही काढली, पहिलं पान उघडलं आणि पेननं ठसठशीत लिहिलं: सहा नवे बावन्न. मग त्यावर आडवी रेघ मारली आणि खाली चौपन्न लिहिलं. मुलं अशी बघत राहिली, जणू आईनं दुधाचं पातेलं मोरीत ओतलं.

"आता तू," हेडबाई म्हणाल्या. "दहा गणितं चुकव. मुद्दाम. हवी तेवढी पानं घे."

"आईला बरं नाही वाटत," दादा कुजबुजला.

चुकवायलाही खोडरबरला वेळ लागला. संध्याकाळपर्यंत दहा झाली. तिनं मारलेल्या रेघा मात्र पट्टी लावल्यासारख्या सरळ होत्या.

शनिवारी दोघं आत गेली. हेडबाई बाहेर बाकावर बसल्या. अडीच तास. हातात सोलायला काही नाही, निवडायला नाही, घडी घालायला नाही. पत्र आल्यापासून एक हिशेब त्यांच्या डोक्यात होता, तो तिथं पुन्हा आला. चौघांचे बूट, चौघांचे गणवेश, बसचे पास. महिन्याचं गणित कोलमडत होतं, हे त्यांनी घरात सांगितलं होतं. त्यातली दुसरी बाजू सांगितली नव्हती. नऊ ते तीन, सहा तास, आठवड्याचे तीस. एवढ्या वेळात घरात फक्त थोरली आणि धाकटा. या तासांचं काय करायचं ते ठरवता ठरवता त्यांना भिंतीला टेकून झोप लागली. खोडरबरनं खांदा हलवला तेव्हा तिची बोटं निळी झाली होती.

"शेवटची दोन राहिली," ती म्हणाली. "आणि अकरा रेघा मारल्या."

"अकराच?" दादा म्हणाला. "माझ्या मोजल्याच नाहीत मी."

निकाल आठ दिवसांनी आला. दादाला एकाहत्तर, खोडरबरला चौसष्ट. परवानगी एक वर्षासाठी मंजूर. खाली बाईंनी हातानं लिहिलं होतं: यापुढे काही खोडू नये. लिफ्टवाल्यानं कागद दोनदा वाचला. "सुटलीस बाई एकदाची!" तो म्हणाला.

"सुटले," हेडबाई म्हणाल्या. कागद त्यांनी साखरेच्या डब्याखाली ठेवला. रणगाड्याचा वार्षिक गोंधळ सोडला तर आजवर नव्या पुस्तिका घ्याव्या लागत नव्हत्या; आता दरवर्षी चौघांना कोऱ्या लागणार होत्या. त्यांनी यादी केली. अंडी आठवड्यातून तीनच दिवस, साबण लहान, आणि दादाचे बूट आणखी एक वर्ष चालवायचे.

सोमवारी आठला सगळी दरवाज्याभोवती बसली. खोडरबरनं नव्या वहीत पेननं गणित मांडलं, चुकलं, रेघ मारली, पुढे लिहिलं. पुन्हा चुकलं, पुन्हा रेघ. तिसऱ्या रेघेला तिनं मान वर करून आईकडे पाहिलं. हेडबाई ओट्याशी कालचा पाव कापत होत्या. त्यांनी वहीकडे पाहिलं, तोंडावर आलेलं नेहमीचं वाक्य गिळलं.

"चालेल," त्या म्हणाल्या. "मागच्या बाजूलाही लिही."