फुटाचा दर आणि शुक्रवारची ओटी

आमच्या यांच्या हाताला रंगाची समज आहे, तोंडाला पैशाची अजिबात नाही. गिऱ्हाइकानं ‘किती घेणार?’ विचारलं की हे स्वतःच्या चपलेकडं बघतात आणि म्हणतात, “द्या की तुमच्या मनानं. तुमी काय परके हाव व्हय?” गिऱ्हाइकाचं मन किती मोठं असतं, हे भवानी पेठेत संसार केलेल्या बाईला कुणी सांगायला नको.

घरगुती कामात हे चालून जायचं. दोन खोल्या आणि एक स्वयंपाकघर, त्यात माणूस बुडून बुडून किती बुडणार? पण मग एका कोचिंग क्लासचं काम आलं, आख्खी इमारत. मालकानं ‘भाऊ, भाऊ’ केलं आणि यांनी टेप खिशातून न काढताच दर सांगितला. जिना धरायचाच राहिला. जिन्याच्या भिंती म्हणजे खालपासून गच्चीपर्यंत नुसती उंची. तिथं शिडी नीट उभी राहत नाही, फळ्या बांधाव्या लागतात, एका भिंतीत दोन खोल्यांचा दिवस जातो. मी म्हटलं, जिन्याचे वेगळे मागा. तर म्हणाले, “आता कसं मागायचं? भाऊ म्हनलाय त्यो.” भावाचा जिना झकास झाला. आमच्या पदरात रिकामे डबे पडले. त्यातल्या दोनांत मी तुळस आणि गवती चहा लावला.

त्यानंतर यांनी मनानं हाय खाल्ली. लांब तिकडं पुण्यातला एक मोठा कॉन्ट्रॅक्टर यांना पगारावर बोलवत होता. राहायला खोली, महिन्याला ठरलेले पैसे, दर ठरवायची कटकट नाही. यांनी त्याला ‘बघू’ म्हटलं. यांचं ‘बघू’ ऐकून त्या माणसानं खोलीत कॉटसुद्धा राखून ठेवली. मला रात्री झोप लागेना. महिन्यातून एकदा घरी येणारा नवरा मला नको होता. पगार कितीही असू दे, मला हे घरी हवे होते, डोक्यात पुट्टीची भुकटी घेऊन आलेले.

तेवढ्यात अक्कलकोट रोडवरच्या एका मंगल कार्यालयाचं आतलं सगळं रंगकाम निघालं. मालक अडत व्यापारी. लग्नसराईच्या आत सगळं चकाचक पाहिजे म्हणाले. मी यांना सांगितलं, हे काम नीट दरानं मिळालं तर पुण्याचं नाव काढायचं नाही. नाही मिळालं तर खुशाल जा, मी अडवणार नाही. दुसरं वाक्य मी नुसतं म्हणायचं म्हणून म्हटलं होतं.

मापं घ्यायला मी स्वतः गेले. टेपचं एक टोक माझ्याकडं, दुसरं यांच्याकडं. मोठा हॉल दोन मजल्यांच्या उंचीचा, म्हणजे बांबूची परांची बांधणं आलं. जेवणाच्या हॉलमध्ये जिथं-तिथं लोकांनी हात पुसलेले. वधूपक्षाच्या खोलीत तर कमरेच्या उंचीवर चारी भिंती पिवळ्या. इतक्या नवरीमुलींची हळद लागलेली भिंत मी जन्मात पाहिली नव्हती. हळदीचा आणि तेलाचा डाग नुसत्या रंगाला दबत नाही, दोन हात मारले तरी वर डोकं काढतो. आधी घासा, मग पुट्टी, मग प्रायमर. घरी येऊन सगळं मांडलं. मालासकट फुटाला चौतीस रुपये सांगायचे, तीसच्या खाली यायचं नाही. दारं-खिडक्या वजा करायच्या नाहीत, कारण कडा काढायला भिंतीपेक्षा जास्त वेळ जातो.

आणि एक नियम मी केला. “तिथं काही खायचं-प्यायचं नाही. त्यांचं मीठ पोटात गेलं की तुमच्या तोंडाला कुलूप लागतं. बोलणार मी. तुम्ही फक्त बसा.”

“बसतो की,” हे म्हणाले. इतका आनंदी चेहरा मी लग्नातही पाहिला नव्हता.

गेलो. मालकीणबाईंनी “बर्री, बर्री” असं कानडीत ‘या, या’ म्हणत स्वागत केलं, हॉलमध्येच खुर्च्या मांडल्या. चहा आला. हे म्हणाले पोट बिघडलंय. मी म्हटलं, “माझा शुक्रवारचा उपास आहे, चहासुद्धा घेत नाही.” उपास कसला, निघताना मी दोन भाकरी आणि शेंगाचटणी खाऊन निघाले होते. मनात म्हटलं, जिंकलो.

मालकीणबाई उठल्या आणि आत गेल्या. परत आल्या त्या हळदीकुंकवाचं तबक, खण, नारळ आणि तांदूळ घेऊन. “शुक्रवारची उपाशी सवाशीण दारात आलीया. तशीच जाऊ देऊ व्हय तुमाला? उठा, पदर पुडं करा.”

ओटीला नाही कसं म्हणणार? उभी राहिले, पदर पसरला. त्यांनी कुंकू लावलं, ओंजळीनं तांदूळ घातले, वर पाठीवरून हात फिरवला. त्या हातानं माझं सगळं अवसान गळालं. पदरात नारळ घेऊन मी खुर्चीत बसले आणि मालकांनी विचारलं, “हं, मग ताई, काय दर लावताय?”

चौतीस ओठांवर होते, देवाशपथ. पण माझ्याच तोंडून माझ्याच कानांनी ऐकलं, “तुम्हीच बघा की. तुम्ही काय परके आहात का?”

हे माझ्याकडं असे बघायला लागले, जणू त्यांची बायको कुणी बदलून नेली. मग त्यांनी नजर काढून वर छताकडं लावली. तिथं कोपऱ्यात ओलीचा मोठा डाग होता.

“पंचवीस देतो,” मालक म्हणाले.

हे गप्प. नजर वर.

“ती ओल मागच्या सालची हाय हो. आता गळत न्हाय,” मालक म्हणाले. “बरं, सत्तावीस.”

हे गप्पच. पुढं मालकीणबाई नवऱ्याच्या कानाशी कानडीत काहीतरी बोलल्या. मालकांनी घाम पुसला. “एकोणतीस. लई झालं.” मी पदरातला नारळ घट्ट धरून बसले होते. मला वाटत होतं हा माणूस आता ‘चालंल’ म्हणणार आणि उद्याच्या गाडीनं पुण्याला जाणार.

“एकतीस,” मालक जवळजवळ ओरडले. “आता तरी बोला की राव!”

यांनी मान खाली केली. “जिना धरलाय का ह्यात?”

“न्हाय, जिना वेगळा धरा. पण आता कायबी काढू नका.” आणि माझ्याकडं वळून म्हणाले, “लई कडक गडी हाय तुमचा.”

गाडीवर बसल्यावर मी विचारलं, एवढं गप्प बसायचं कुठं शिकलात? “शिकतोय कशाला,” हे म्हणाले. “मला वाटलं तू बोलशील. तू ओटी घिऊन बसलीस. मग मला काय बी सुचंना.” मी इतकी हसले की तांदूळ रस्त्यावर सांडले.

थोडं पुढं जाऊन यांनी गाडी कडेला घेतली. चेहरा परत चपलेकडं. “आता पुन्याच्या मानसाला न्हाय कसं म्हनायचं? कॉट राखलीय त्यानं.”

मी यांच्या खिशातून फोन काढला आणि लावला. पलीकडून विचारलं, “कधी निघताय?”

“येत नाहीत ते,” मी म्हटलं.

“ताई, जरा त्यांना फोन द्या. मी समजावतो.”

हे शेजारीच उभे होते. मला एकदम रडू आलं, भर रस्त्यात.

“ते कामावर आहेत,” मी म्हटलं.

“कुणाच्या कामावर?”

“आमच्या,” मी म्हटलं आणि फोन ठेवला.